मेडिकलमधला ओआरएसचा पुडा हाफ ट्रायथलॉनला पुरतो का?

ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन जमली आणि आता हाफ करायची म्हटलं की सोलापुरात आधी सायकलीवर चर्चा होते, मग पोहण्यावर. बाटलीत काय भरायचं हा विषय शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबतो, आणि मग कुणीतरी सांगतं, "मेडिकलमधून ओआरएसचे चार पुडे घे, झालं काम." या सल्ल्यातला मिठाचा भाग अगदी बरोबर आहे. एवढ्या कमी पैशात सोडियम-पोटॅशियमचं इतकं नेमकं मिश्रण दुसरं मिळत नाही. पण ताकद देण्याच्या बाबतीत हा पुडा फार कमी पडतो. ऑलिम्पिक अंतराच्या १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं यात ही उणीव झाकली जाते. हाफच्या १.९, ९० आणि २१.१ किमीमध्ये ती उघडी पडते, आणि पडते ती धावण्याच्या उत्तरार्धात, जिथे काही दुरुस्त करायला वेळ उरलेला नसतो.

इथे ज्या पुड्याबद्दल लिहिलं आहे तो जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा, एक लिटर पाण्यात विरघळवायचा. एफडीसीचं इलेक्ट्राल हे त्यातलं घराघरात माहीत असलेलं नाव. मोठा पुडा २१.८ ग्रॅमचा, छोटा ४.४ ग्रॅमचा, म्हणजे २०० मिली पाण्यासाठी. मागच्या बाजूला बारीक अक्षरात चार आकडे असतात, ते वाचल्याशिवाय पुडा घेऊ नका: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, डेक्स्ट्रोज (म्हणजे ग्लुकोज) १३.५ ग्रॅम. हे प्रमाण २००२ पासूनचं आहे. कंपनी कुठलीही असो, हे चार आकडे जुळले की आतला माल तोच. फरक फक्त चवीचा.

काउंटरवर मात्र 'ओआरएस द्या' एवढंच म्हणू नका. गोड, फळांच्या चवीची तयार पेयंही बरीच वर्षं ओआरएस या नावाखाली विकली जात होती. त्यात साखर भरपूर आणि सोडियम नावाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असं नाव वापरायला मनाई केली, तरी खोका हातात घेऊन सोडियमचा आकडा बघण्याची सवय असलेली बरी.

आता हिशोब. या सूत्राच्या एका लिटरमध्ये सोडियम ७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे १,७२५ मिलिग्रॅम. पोटॅशियम सुमारे ७८० मिलिग्रॅम. आणि कार्बोहायड्रेट फक्त १३.५ ग्रॅम, म्हणजे ५४ कॅलरी. हे सूत्र जुलाबाच्या रुग्णासाठी आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, त्याच विचारातून पुढे हा पुडा घडला. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. त्यातली साखर पाण्याला आत नेण्यापुरतीच घातलेली आहे, पोट भरण्यासाठी नाही.

हाफच्या सायकल टप्प्यावर तासाला ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट हे मध्यम लक्ष्य मानलं जातं. हौशी स्पर्धकाचा वेग ताशी २५-२६ किमी धरला तर ९० किमीला साडेतीन तास लागतात, म्हणजे एकूण २१० ग्रॅम. पूर्ण तीव्रतेच्या ओआरएसमधून ६० ग्रॅम मिळवायचे तर तासाला जवळपास साडेचार लिटर प्यावं लागेल, जे अशक्य आहे आणि धोकादायकही. प्रत्यक्षात माणूस तासाला पाऊण लिटर पितो आणि त्याच्या पोटात जेमतेम दहा ग्रॅम जातात. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन, म्हणजे राखीव साखर, साठलेलं असतं. ऑलिम्पिक तीन-साडेतीन तासांत आटोपते, तेवढं या साठ्यावर आणि सकाळच्या नाश्त्यावर निभतं. हाफला हौशी माणूस साडेसहा ते आठ तास मैदानात असतो. आयर्नमॅन ७०.३ मालिकेत (हाफचंच अंतर, मैलांत मोजलेलं) साधारण साडेआठ तासांची मर्यादा असते आणि शेवटच्या गटातले लोक तिच्या अगदी जवळ येऊन पोचतात. एवढ्या वेळात साठा संपतोच. मग धावताना बाराव्या-चौदाव्या किलोमीटरला पाय जड होतात, डोकं चालेनासं होतं, उगाच चिडचिड होते, आणि बघणारे म्हणतात, "मीठ कमी पडलं, अजून एक पुडा दे." मीठ पुरेसं गेलेलं असतं. कमी पडलेली असते साखर.

त्यामुळे पुडा टाकून देऊ नका, त्यात भर घाला. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात ती भर महाग असण्याचं कारण नाही.

७५० मिलीच्या एका बाटलीला दोन छोटे पुडे (एकूण ८.८ ग्रॅम) आणि ४५ ग्रॅम साखर. यातून सुमारे ७०० मिलिग्रॅम सोडियम आणि ५० ग्रॅम कार्बोहायड्रेट मिळतात. तासाला एक बाटली, त्यासोबत अर्धं केळं किंवा दोन साधे खजूर, की ६० चा आकडा गाठला. ४५ ग्रॅम म्हणजे चहाचे अकरा सपाट चमचे होतात, पण चमच्यावर विसंबू नका. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा, कारण शिगोशीग चमच्याने हाच आकडा सहज ६५ वर जातो. साखर मिक्सरमध्ये फिरवून घ्या, लवकर विरघळते. बाजारातली आयसिंग शुगर नको. तिच्यात बहुतेक वेळा कॉर्नफ्लोअर असतं, ते बाटलीच्या तळाशी चिकटून बसतं आणि तोटीत अडकतं.

साखर निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते आणि दोघांची आतड्यातली वाट वेगळी. ग्लुकोजच्या वाटेने तासाला साधारण ६० ग्रॅमच आत जाऊ शकतात, त्यापुढे जायचं तर फ्रुक्टोज हवंच. म्हणून साध्या साखरेला कमी लेखायचं कारण नाही. तिची खरी अडचण गोडवा. तिसऱ्या तासाला, कोमट झालेल्या बाटलीतून, तो घोट नकोसा होतो. तसं होत असेल तर ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) आणि १५ ग्रॅम साखर घ्या. माल्टोडेक्स्ट्रिन जवळजवळ बेचव असतं, ऑनलाइन किलोच्या पाकिटात मिळतं आणि त्याचे रेणू मोठे असल्यामुळे द्रावण पोटाला हलकं पडतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो 'दोन्ही पूर्ण' घालण्यात. एक लिटर पाण्यात मोठा पुडा आणि वर साठ ग्रॅम साखर. नुसत्या पुड्याच्या द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे लिटरमध्ये विरघळलेल्या कणांचं माप, २४५ असते. साठ ग्रॅम साखर तिच्यात सुमारे १७५ ची भर घालते आणि आकडा ४२० वर जातो. रक्ताची असते २९० च्या आसपास. इतकं दाट पाणी आतड्यात गेलं की ते आत शोषलं जाण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. पोट डबडबतं, ढेकर येतात, आणि सायकलवरून उतरून धावायला लागलं की मोबाइल टॉयलेट शोधायची वेळ येते. वर दिलेल्या मिश्रणाचा आकडा ३०५ च्या आसपास येतो, म्हणून ते बहुतेकांना सोसतं. एनर्जी जेल (पाकासारख्या दाट साखरेची छोटी पाकिटं) घेणार असाल तर त्यावर साधं पाणी प्या. जेलवर हेच गोड पाणी प्यायलात तर पुन्हा तीच गत.

बाटली किती प्यायची हे मात्र कुणाच्या सांगण्यावरून ठरवू नका, घामाची चाचणी करा. कोरड्या अंगाने, कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. स्पर्धेच्या वेगाने एक तास सायकल चालवा, प्यायलेलं पाणी मोजून ठेवा, परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन. आधी ६८.४ किलो, नंतर ६७.५ आणि मध्ये अर्धा लिटर प्यायला असाल तर घाम १.४ लिटर गेला. सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो. एकूण घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास राहिली तरी चालतं. घामातलं सोडियम माणसागणिक फार बदलतं. कुणाचं लिटरला पाचशे मिलिग्रॅम, कुणाचं दीड हजाराच्या पुढे. टोपीच्या कडेला आणि जर्सीच्या पाठीवर पांढरे पट्टे उठणारे लोक दुसऱ्या टोकाचे. त्यांनी बाटलीत दोनऐवजी तीन छोटे पुडे घालावेत आणि साखर ४० वर आणावी.

ही चाचणी सोलापुरात करताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इथली हवा वर्षातला बराच काळ कोरडी. घाम आला तसा उडून जातो, अंग ओलं वाटत नाही, आणि 'मला घाम कमी येतो' असा समज होतो. वजनकाटा खरं काय ते सांगतो. स्पर्धा मात्र बहुतेकदा दमट हवेत असते. गोव्याची ७०.३ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, समुद्रकाठी. तिथे घाम उडत नाही, अंगावरून ओघळतो, शरीर थंड होत नाही आणि हृदयाचे ठोके त्याच वेगाला वाढलेले दिसतात. सोलापूरच्या मे महिन्यातलं ४२ अंश सोसलं म्हणजे गोव्याचं ३२ सोपं, असा हिशोब धरू नका. पावसाळ्यातल्या एखाद्या ढगाळ, कुंद सकाळी केलेली चाचणी गोव्याच्या जास्त जवळची.

तालमीसाठी तुळजापूर रस्ता उत्तम. जाऊन-येऊन ९० किमीच्या आसपास, हिप्परग्याच्या तलावाशेजारून तामलवाडीच्या पुढे, आणि शेवटी तुळजापूरचा घाट. पोटाची खरी परीक्षा त्या घाटात होते, कारण चढावर जोर लावला की रक्त पायांकडे जातं आणि पचन मंदावतं. म्हणून घाटाच्या पायथ्याला दोन-तीन घोट घेऊन ठेवायचे, चढात फक्त तोंड ओलं करायचं आणि वर गेल्यावर पुन्हा सुरू. सुरुवात तासाला ४० ग्रॅमने करा आणि दर एक-दोन आठवड्यांनी दहा-दहा वाढवा. आतड्यालाही सराव लागतो. हाफवर येणारे बरेच लोक पायांचा सराव सहा महिने करतात आणि पोटाचा एकदाही नाही. गळीत हंगामात या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. अशा वेळी एका हाताने बाटली काढून पिण्यापेक्षा, मोकळा पट्टा बघून दर पंधरा मिनिटांनी पिण्याची वेळ पुढे-मागे करा.

साडेतीन तासांना बाटल्या साधारण साडेतीन, आणि सायकलला जाळ्या दोन. बाकीचं मिश्रण कोरडं न्यायचं. सोलापुरातल्या मधल्या मारुतीच्या बाजारातून छोट्या झिपच्या पिशव्या आणा, एकेका पिशवीत ४५ ग्रॅम दळलेली साखर आणि दोन छोटे पुडे रिकामे करा आणि पिशवीवर पेनाने '१', '२' लिहा. ओआरएसचा पुडा आतून चकचकीत थराचा असतो, घामेजल्या बोटांनी फाटता फाटत नाही, आणि दातांनी ओढला की एकदम फाटून निम्मी पावडर हँडलवर सांडते. घरी पिशवीत ओतून ठेवण्याचं मुख्य कारण हेच. पाण्याच्या टेबलापाशी थांबा, बाटलीत आधी चार बोटं पाणी घ्या, पिशवीचा कोपरा नखाने फाडून बाटलीत उलटा, मग वरून पाणी भरून हलवा. कोरड्या बाटलीत आधी पावडर टाकली तर तळाच्या कोपऱ्यात ती ढेकूळ होऊन बसते. पहिली अर्धी बाटली फिक्की लागते आणि शेवटचे घोट खारट. तयार पिशव्या पावसाळ्यात दोन दिवसांत ओल धरतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळीच भरा.

तीन तासांची सगळी साखर एकाच बाटलीत दाट करून ठेवण्याची एक पद्धत आहे. ती वेळ वाचवते, पण खड्ड्यात किंवा गतिरोधकावर ती एक बाटली उडाली की सगळं इंधन गेलं. करायचीच असेल तर दोन बाटल्यांत विभागून करा.

गार बाटलीसाठी तयार मिश्रण फ्रीजरमध्ये ठेवू नका. गोठताना पाण्याचा बर्फ आधी होतो आणि साखर-मीठ उरलेल्या पाण्यात गोळा होतं. वितळतानाही तोच दाट भाग आधी सुटतो, म्हणून पहिले घोट पाकासारखे आणि नंतरचे नुसतं पाणी. बाटलीत एक तृतीयांश साधं पाणी गोठवा आणि सकाळी वरून पूर्ण बाटलीच्या मापाचं मिश्रण कमी पाण्यात करून ओता. नुसत्या ओआरएसचं पाणीसुद्धा २४ तासांच्या आत संपवायचं असतं. साखर घातलेलं तर सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबूस वास धरतं. बाटलीची तोटी प्रत्येक वेळी उघडून ब्रशने घासा. रबराच्या चकतीखाली काळी बुरशी आधी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही.

पुडा जसाच्या तसा, साखर न घालता वापरायच्या दोन वेळा आहेत. स्पर्धेच्या दोन तास आधी अर्धा मोठा पुडा ५०० मिली पाण्यात, हळूहळू घोटाघोटाने. आणि स्पर्धा संपल्यावर, वजनात जेवढी घट झाली त्याच्या साधारण दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, त्यातला मोठा भाग ओआरएस. इथे हा पुडा कुठल्याही रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकपेक्षा सरस आहे. आदल्या दिवशी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि तिखट कालवण यांना एक दिवस सुट्टी द्या. तंतू आणि तेल दोन्ही दुसऱ्या दिवशी पोटात राहतं. भात-वरण, बटाटा, इडली बरी.

समुद्रात पोहताना थोडं खारं पाणी पोटात जातंच आणि मळमळतं. म्हणून सायकलवर बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं साध्या पाण्याचे लहान घोट घ्यायचे, मग मिश्रण.

अतिरेकाचा धोका इथे स्पष्ट सांगायला हवा. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल असतं, ओआरएसमध्ये ७५. म्हणजे घामापेक्षा जास्त प्यायलात तर ओआरएसनेसुद्धा रक्त पातळच होतं. 'मी मिठाचं पाणी पितोय, मला काही होणार नाही' हा गैरसमज आहे. बोटं सुजणं, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली तर पिणं थांबवा आणि वैद्यकीय तंबू गाठा. रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर यातलं सोडियम, पोटॅशियम आणि साखर आधी डॉक्टरांना दाखवा. पेनकिलर घेऊन धावणं तर मूत्रपिंडाच्या मुळावर येऊ शकतं. पायात गोळे येण्यावर मात्र हा हमखास उपाय समजू नका. शेवटच्या टप्प्यातले बरेच गोळे थकलेल्या स्नायूंमुळे येतात आणि वेग कमी करून ताण दिल्यावरच सुटतात. आणि हे स्पर्धेचं मिश्रण घरात कुणाला जुलाब झाले तर देऊ नका. तिथे एक पुडा, एक लिटर पाणी, वरून साखर नाही.

खर्चाचं बोलायचं तर मोठा पुडा वीस-पंचवीस रुपयांच्या घरात, साखर घरातली. जवळपास दीड मोठ्या पुड्याएवढ्या मालात सायकलचा पूर्ण टप्पा निघतो. पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांच्या गोळ्या आणि जेल याच कामाला बऱ्याच महाग पडतात. त्यांची सोय नाकारता येत नाही, विशेषतः धावताना. कारण धावण्यात या पुड्याची बाजू कमकुवत आहे. पोट हलत असतं, तासाला ३०-४० ग्रॅमच्या वर बहुतेकांना जात नाही आणि पळता पळता पावडर मिसळणं जमत नाही. तिथे जेल आणि टेबलावरचं पाणी हे मुख्य ठेवा. सोबत पट्ट्यात दोन छोटे पुडे, झिपच्या पिशवीत काढलेले. पाचव्या आणि बाराव्या किलोमीटरच्या आसपास कपात २०० मिली पाणी घ्या, एक पुडा टाका, बोटाने ढवळा, आणि अर्धा मिनिट चालत प्या. पोटाने नकार दिला तर दहा मिनिटं फक्त साधं पाणी आणि टोपीखाली बर्फ. मग अर्धं जेल घेऊन बघा, राहिलं तर उरलेलं पुढच्या टेबलापाशी.